बटण सगळ्यात शेवटी येतं

ताई, नमस्कार.

दांडिया बाजारातून आलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगी टी.वाय.बी.एस्सी. केमिस्ट्रीला आहे, तिला औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे औषधाचा दर्जा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, जायचंय आणि तुमचे दीर म्हणतात, 'यूव्ही (अतिनील प्रकाशाच्या) मशीनपुढे बसून बटण दाबायला पदवी कशाला हवी?' हे काम मी अनेक वर्षं केलंय. त्यांना सांगा, बटण सगळ्यात शेवटी येतं.

पॅरासिटामॉलची गोळी घ्या. गोळ्या कुटून, 150 मिलिग्रॅम औषध येईल एवढी पूड तोलायची. कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात विरघळवायची, पाण्याने 200 मिलिलिटरपर्यंत न्यायची, गाळायची, मग दोनदा दहापट पातळ करायची. मिलिलिटरमागे जेमतेम 7.5 मायक्रोग्रॅम औषध उरतं. ते क्वार्ट्झच्या एक सेंटिमीटर क्यूवेटमध्ये, म्हणजे छोट्या चौकोनी कुपीत, भरून 257 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतात. साधी काच चालत नाही, ती स्वतःच हा प्रकाश शोषते. द्रावणाने किती प्रकाश शोषला, त्याचं माप म्हणजे अ‍ॅब्सॉर्बन्स. औषध दुप्पट तर अ‍ॅब्सॉर्बन्स दुप्पट, सगळा हिशोब या नियमावर. गोळीत औषध पूर्ण असेल, तर आकडा 0.536 च्या आसपास येतो.

मी नवा असताना एका बॅचमध्ये औषध प्रमाणापेक्षा जास्त दिसलं. सगळे गणितं तपासत बसले. चूक माझ्या बोटाची होती! क्यूवेट खरखरीत बाजूंनी धरायची असते, माझा ठसा पारदर्शक बाजूवर उमटला होता. आकडा नुसता 0.02 ने चढला, तरी औषध जवळजवळ 4 टक्के जास्त दिसतं. ती गोळी कुणाच्या तरी तापातल्या मुलासाठी असते, ताई. म्हणून हे काम मला आजही मोठं वाटतं.

आपल्या बडोद्यात अलेम्बिक ही औषध कंपनी 1907 पासून आहे, तेव्हा असं काम शोधायला तिला गाव सोडावं लागेलच असं नाही. शिफ्ट ड्यूटी आणि कंपनीच्या बसचं मात्र घरात आधी बोलून घ्या. पुढे एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याचं तंत्र, शिकावंच लागेल, पण त्यातही बहुतेकदा डिटेक्टर यूव्हीचाच असतो. आज शिकलेलं वाया जात नाही.

सध्या तिला एक करू द्या. कॉलेजच्या लॅबमध्ये पोटॅशियम परमँगनेटची पाच डायल्यूशन्स (कमी-जास्त पातळ केलेली द्रावणं) करून 525 नॅनोमीटरवर रीडिंग घ्यायचं आणि आलेख काढायचा. एखादा बिंदू रेषेबाहेर गेला, तर खोडायचा नाही. पिपेट धुऊन ते डायल्यूशन पुन्हा करायचं आणि दोन्ही आकडे वहीत ठेवायचे. त्या पानाचा फोटो मला पाठवा, मग एम.एस्सी. आधी की नोकरी, ते बोलू.