तो रोजचा प्रश्न आजपासून बंद करा

"ताई, माझी सहा वर्षांची मुलगी शेजारी नव्याने राहायला आलेल्या मुलीला खेळायला घेत नाही. 'ती आपल्यातली नाही' म्हणते. परवा मैत्रिणींना स्टिकर वाटले, उरलेले दप्तरात परत ठेवले, पण तिला एकही दिला नाही. आम्ही घरात कधीच भेदभाव शिकवला नाही. खेळून आली की 'आज आपल्यातलं कोण कोण होतं?' एवढंच विचारतो. हा शाळेतल्या मुलींचा परिणाम असेल का?"
– एक आई

शाळेतल्या मुलींना कशाला मध्ये आणता? मुलगी दारात चपला काढते न काढते तोच तुमचा हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर द्यायचं तर तिला प्रत्येक मुलाची वाटणी करावी लागते, हा आपल्यातला, ती नाही. उद्याही आई विचारणार हे तिला पक्कं ठाऊक आहे. मग खेळतानाच ती वाटणी करत राहते.

आपल्या गटाकडे लहान मुलांचा ओढा असतोच. पण तो घट्ट कसा होतो, हे मानसशास्त्रज्ञ रिबेका बिगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत उन्हाळी शाळेतल्या मुलांवर प्रयोग करून दाखवलं. 1997 मध्ये तो प्रसिद्ध झाला. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना निळे आणि पिवळे शर्ट दिले. काही वर्गांत शिक्षक रांगा लावताना, जागा देताना सारखे त्या रंगांचा उल्लेख करत. त्या वर्गांतली मुलं काही आठवड्यांत आपल्याच रंगाला झुकतं माप देऊ लागली. बाकीच्या वर्गांतही शर्ट तेच होते, पण शिक्षकांनी रंगांकडे लक्षच दिलं नाही. तिथे असा पक्षपात दिसला नाही.

तुम्ही कोणाला नावं ठेवली नसतील, मान्य. त्या शिक्षकांनीही ठेवली नव्हती.

मुलीला मात्र रागावू नका, व्याख्यानही देऊ नका. ती गुणी पोर आहे, आईला जे महत्त्वाचं वाटतं तेच तिने उचललं. आज ती घरी आली की एवढंच विचारा, "काय खेळलात? राज्य कोणावर होतं?" तिने आपणहून "आज आपल्यातलं कोणीच नव्हतं" म्हटलं, तर त्यावर हूं की चूं करू नका, खेळाचंच पुढचं विचारा. आणि तुम्ही 'विचारतो' असं लिहिलंय, म्हणजे विचारणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. घरातल्या बाकीच्यांनाही हे ती यायच्या आत सांगून ठेवा.