निर्जन खाडीत नांगर टाकून वन्यजीव पाहायचे असतील, तर जागा कशी निवडावी?

छोट्या शिडाच्या बोटीने दूरच्या, निर्जन खाडीत काही रात्री राहून सील आणि पाणपक्षी बघायचे आहेत, जागा कशी निवडू, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, आधी नांगराचा विचार करा, प्राण्यांचा मागून. रात्री नांगर घसरला की इंजिन सुरू होतं, दिवे लागतात, धावपळ होते आणि उजाडेपर्यंत आसपासचं सगळं पांगलेलं असतं. जी बोट मुकाट एका जागी राहते, तिला प्राणी हळूहळू सरावतात.

चिखल किंवा वाळूचा तळ शोधा. खडकात नांगर अडकतो, नाहीतर धरतच नाही. समुद्री गवतावर मात्र कधीच टाकू नका. भूमध्य समुद्रातलं पोसिडोनिया इतकं सावकाश पसरतं की साखळीने उखडलेला पट्टा भरून यायला दशकं लागतात, आणि माशांची पिल्लं त्याच गवतात वाढतात.

साखळीचा हिशेब भरतीच्या पाण्यावर करायचा. आत्ता 5 मीटर पाणी आहे, अजून 3 मीटर चढणार आहे आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पाण्यापासून 1 मीटर उंच आहे, म्हणजे एकूण 9 मीटर. त्याच्या पाचपट, 45 मीटर साखळी सोडा. नुसते 5 मीटर धरून 25 सोडली, तर भरतीला ती तिपटीलाही पुरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा फरक आणखी वाढतो. शिवाय दिवसा खारे वारे, रात्री मतलई. बोट पहाटे उलट्या बाजूला फिरलेली असू शकते, म्हणून चहूबाजूंनी तेवढी मोकळी जागा हवी.

एवढं जमलं की मग नुसतं बसायचं. ओहोटीला चिखल उघडा पडू लागतो तेव्हा पक्षी चरायला उतरतात, सीलही खडकांवर विश्रांतीला येतात. सीलनी माना वर करून तुमच्याकडे रोखून पाहिलं, तर तुम्ही जास्त जवळ गेला आहात. तिथूनच हळू मागे फिरा. घाबरून सगळे पाण्यात उतरले तर पिल्लं आयांपासून तुटू शकतात. देवमासा दिसला तर अनेक देशांत किमान 100 मीटर अंतराचा नियम आहे, काही ठिकाणी त्याहून जास्त, तेव्हा स्थानिक नियम आधीच वाचून ठेवा. त्याच्या वाटेत आडवं कधीच जाऊ नका. छोट्या होडीतून फिरताना इंजिनाऐवजी वल्ही वापरा. ड्रोन घरीच राहू द्या, ही माझी कळकळीची विनंती.

रात्री नांगराचा पांढरा दिवा लावा, पण डेकवरचे बाकीचे दिवे बंद आणि खिडक्यांना पडदे. प्रखर उजेडाने काही समुद्रपक्षी दिपतात आणि थेट बोटीवर येऊन आदळतात. दुर्बीण 7×50 घ्या, म्हणजे सातपट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगाची. डुलत्या बोटीवर त्याहून जास्त पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतलं चित्र स्थिर राहत नाही.