वाचक विचारतात : वडिलांच्या झेनिटची लेन्स

प्रश्न : माझ्या वडिलांचा झेनिट-ई हा रशियन कॅमेरा चामडी केससकट अनेक वर्षे कपाटात पडून होता. कॅमेरा बंद आहे, पण त्यावरील हेलिओस ४४-२ लेन्स मला वापरायची आहे. माझ्या सोनी ए६४०० साठी मी अ‍ॅडॅप्टर आणला, मात्र लेन्स बसवल्यावर शटरच पडत नाही. भावाच्या निकॉन डीएसएलआरवर ती चालेल का? शिवाय काचेच्या कडेला बारीक तंतू दिसतात, ते काय असावेत?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : शटर न पडण्याचे कारण साधे आहे. या लेन्सचा कॅमेऱ्याशी विजेचा कोणताही संपर्क होत नसल्यामुळे कॅमेरा लेन्स बसवलेलीच नाही असे समजतो. मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर सोडण्याची परवानगी देणारा पर्याय आहे, तो चालू करावा.

भावाच्या कॅमेऱ्याची अडचण मात्र मेनूतून सुटणारी नाही. आपली लेन्स एम४२ या आट्याची असून तिची बैठक फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटर अंतरावर असेल असे धरूनच ती घडवलेली आहे. सोनीच्या ई-माउंटमध्ये, म्हणजे लेन्स बसवण्याच्या जागेत, हे अंतर १८ मिलिमीटर असल्याने उरलेली जागा पोकळ अ‍ॅडॅप्टर भरून काढतो. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये ते ४६.५ मिलिमीटर, म्हणजे आधीच एक मिलिमीटर जास्त आहे. एवढ्याशा फरकानेही लेन्स फार तर तीनेक मीटरपर्यंतच फोकस करू शकते आणि दूरचा डोंगर कधीच स्पष्ट होत नाही. हा फरक भरून काढणारी काच बसवलेले अ‍ॅडॅप्टर मिळतात, पण ती जादा काच चित्राचा रेखीवपणा कमी करते, म्हणून मी ते सुचवणार नाही.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. या लेन्सवर ॲपर्चरच्या, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या छिद्राच्या, दोन रिंगा आहेत. आकडे असलेली रिंग टकटक करीत थांब्यांवर बसते, तर शेजारची रिंग थांब्यांविना फिरते आणि पहिलीवर ठरवलेल्या आकड्यापाशी अडते. पहिली रिंग एफ/५.६ वर ठेवा, दुसरी पूर्ण उघडून एफ/२ च्या भरपूर उजेडात फोकस साधा आणि डोळा न हलवता तीच रिंग अडेपर्यंत फिरवून शटर दाबा. हे तंत्र काही दिवसांत बोटांत उतरते, आणि मला या लेन्सचा खरा आनंद तिथेच वाटतो. फोकससाठी कडा रंगवून दाखवणाऱ्या पीकिंगवर एकट्यावर विसंबू नका, चित्र मोठे करून पाहा. अर्ध्या मीटरवर, म्हणजे या लेन्सच्या सर्वांत जवळच्या अंतरावर, एफ/२ ला स्पष्टतेची खोली सेंटिमीटरभरही नसते. पापण्या रेखीव आल्या तरी कान धूसर होतो.

आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यामुळे ही ५८ मिलिमीटरची लेन्स फुल-फ्रेमवरील, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवरील, ८७ मिलिमीटरइतके दृश्य टिपेल, आणि व्यक्तिचित्रांना ते फार शोभते. पार्श्वभूमीतील पानांचा जो गरगर फिरल्यासारखा धूसरपणा हेलिओसची ओळख मानला जातो, तो मुख्यतः चित्राच्या कडांना असल्याने आपल्याकडे थोडा कमीच दिसेल. कॅमेऱ्याच्या अंगात हाताचा कंप सावरणारे स्थिरीकरण नाही, तेव्हा शटरचा वेग १/१२५ च्या खाली शक्यतो नेऊ नये.

तंतूंचे वर्णन वाचून मला चिंता वाटली, कारण ती बहुधा बुरशी आहे. लेन्स पूर्ण उघडी ठेवून मागून तिरका टॉर्च धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या फांद्या दिसल्या तर शंका नको. कडेच्या थोड्या तंतूंनी चित्र फारसे बिघडत नाही, पण बुरशी वाढत गेली की काचेवरील लेप खाते आणि ते डाग मग निघत नाहीत. लेन्स घरी उघडू नका, जाणत्या कारागिराकडून पावसाळ्यापूर्वी साफ करून घ्या. ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाचा ओशटपणा दिसला तर घाबरू नका. इथली पाती स्प्रिंगने झटकन मिटणारी नसून हाताने फिरणारी असल्यामुळे त्याने काम अडत नाही.

त्यानंतर लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखा. कोकणातल्या हवेत चामडे ओल धरून ठेवते, म्हणून वडिलांची केस आठवण म्हणून जपा, पण लेन्स पुन्हा तिच्यात ठेवू नका.