पंखे फिरतात पण स्क्रीन काळी: रॅम परत करायच्या आधी

आधी सगळ्यात महत्त्वाचं, रॅम परत करू नका, निदान आज तरी नको. तुम्ही जे लिहिलंय ते मी असं समजतेय की रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड (पुढे नुसता बोर्ड म्हणते), डीडीआर५ च्या १६-१६ जीबीच्या दोन स्टिका आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड, सगळं नवीन. बटण दाबलं की पंखे फिरतात, मॉनिटरवर नो सिग्नल, बोर्डवर कोपऱ्यात एक पिवळा दिवा जळत राहतो, दोनेक मिनिटं वाट बघून तुम्ही बटण दाबून धरून बंद करता, स्टिकांच्या जागा बदलता आणि परत तेच. आणि आता तुम्हाला वाटतंय की रॅमच खराब आली.

मला यात खराब रॅमपेक्षा अर्ध्यात तोडलेलं मेमरी ट्रेनिंग जास्त दिसतंय. डीडीआर५ इतक्या स्पीडला चालते की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला पहिल्यांदा चालू होताना त्या ठराविक स्टिका, त्या ठराविक बोर्डवर, त्या ठराविक स्लॉटमध्ये नीट वाचता-लिहिता येण्यासाठी सिग्नलचं टायमिंग जुळवत बसावं लागतं. हे जुळवणं चालू असताना स्क्रीनवर काहीही येत नाही, एक अक्षरसुद्धा नाही, मेमरीचा दिवा जळत राहतो, कधी कधी पीसी स्वतःच बंद होऊन परत चालू होतो आणि बघणाऱ्याला वाटतं की मेला. एएम५ वर, म्हणजे तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटवर, हे पहिल्या वेळी सहज काही मिनिटं चालतं, रॅम जास्त असेल किंवा बायोस (पीसी चालू करणारं बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) जुना असेल तर आणखी वेळ. एकदा झालं की बोर्ड ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी पटकन चालू होतो. पण तुम्ही दोन मिनिटांनी बंद केलं की ते अर्धवट राहतं, आणि स्टिका हलवल्या की ते पहिल्यापासून सुरू होतं, म्हणजे तुम्ही दुरुस्त करायला जे करताय त्यानेच दरवेळी ते शून्यावर जातंय.

त्यामुळे पहिलं काम हे करा. पॉवर सप्लायच्या मागचं बटण बंद करा, वायर काढा, कॅबिनेटचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जाईल, आणि कॅबिनेटच्या उघड्या लोखंडी भागाला हात लावून मगच आत हात घाला. चार स्लॉट असतील तर दोन्ही स्टिका प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा, बोर्डवर त्यांच्या शेजारी ए२ आणि बी२ असं छापलेलं असतं. बऱ्याच बोर्डांना खिटी फक्त एकाच बाजूला असते आणि तिथेच फसवणूक होते, खिटीची बाजू खटकन बसते आणि दुसरं टोक किंचित वर राहतं. दोन्ही टोकांवर अंगठ्याने सरळ खाली जोर द्या, भीती वाटेल एवढा जोर लागतो हे खरंय, पण स्टिकवरची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याच्या बरोबर वर असेल तर काही मोडत नाही. मग चालू करा आणि १५ मिनिटं घड्याळ लावून सोडून द्या. खरंच सोडून द्या, बटणाकडे जाऊ नका, मध्ये रिस्टार्ट झाला तरी होऊ दे.

त्या वेळात ते दिवे नीट बघून ठेवा. पीसी चालू होण्याला एक क्रम आहे, आधी प्रोसेसर, मग मेमरी, मग ग्राफिक्स, मग ज्याच्यावरून विंडोज चालू होणार ती ड्राइव्ह, आणि बोर्डवरचे हे चार बारीक दिवे त्याच क्रमाचे आहेत. ज्या पायरीवर गाडी अडते तो दिवा जळत राहतो. रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा, शेजारी बारीक अक्षरात सीपीयू, डीआरएएम, व्हीजीए, बूट असं लिहिलेलं असतं ते मोबाईलचा टॉर्च लावून वाचा. तुम्ही नुसतं पिवळा लिहिलंय, त्याच्यावरून मी डीआरएएम धरून चाललेय, पण तो दुसराच निघाला तर पुढचा सगळा रस्ता बदलतो. मी कुणाचाही पीसी बघायला बसले की पहिला प्रश्न हाच विचारते, आणि बहुतेकांनी हा दिवा न वाचताच दोन-तीन पार्ट बदलून झालेले असतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं कारण पैसे आणि हुरूप दोन्ही त्यातच जातात.

१५ मिनिटांनीही दिवा डीआरएएमवरच असेल तर आता सामान कमी करायचं. परत सगळं बंद करून वायर काढून, एकच स्टिक ए२ मध्ये ठेवा. ग्राफिक्स कार्ड पूर्ण बाहेर काढा. तुमच्या ७६०० मध्ये स्वतःचं छोटं ग्राफिक्स आहे त्यामुळे मॉनिटरची वायर मागे बोर्डच्या एचडीएमआयला लावून चालेल. (७५००एफ सारखे एफ वाले प्रोसेसर असतील त्यांना हे जमणार नाही, त्यांना कार्ड ठेवावंच लागतं, आणि त्यांनी बोर्डच्या एचडीएमआयला वायर लावली तर सगळं ठणठणीत असूनही स्क्रीन काळीच दिसणार.) एसएसडी, यूएसबीला लावलेलं सगळं, आरजीबीच्या वायरी, सगळं काढा. मग परत १५ मिनिटं. नाही झालं तर त्याच स्लॉटला दुसरी स्टिक आणि परत तेवढाच वेळ. एका स्टिकवर चालला आणि दुसरीवर नाही तर ती दुसरी संशयित, तिला एकदा बी२ मध्येही एकटीला लावून बघा, आणि तिथेही नाहीच चालली तर मग खुशाल बदलून मागा. दोन्हीवर सारखाच अडला तर मात्र रॅम सोडून द्या, दोन नव्या स्टिका एकदम खराब निघणं फार क्वचित, दोष मग बोर्ड, सॉकेट, कुलर किंवा बायोसकडे.

कुलर का म्हणतेय तर एएम५ च्या सॉकेटमध्ये १७१८ बारीक पिना आहेत आणि रॅमच्या लाइनी त्यातूनच प्रोसेसरला जातात. कुलर एका बाजूने फार आवळला गेला की दाब वाकडा पडतो आणि एखादी स्टिक किंवा अख्खं चॅनेल (रॅमकडे जाणारी एक पूर्ण बाजू) गायब होऊ शकतं. स्क्रू थोडे सैल करून समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे फिरवत परत बसवा. तेवढ्याने नाही सुटलं तर कुलर काढून प्रोसेसर उचलून सॉकेटमध्ये टॉर्च तिरका धरून बघा, सगळ्या पिना एका रेषेत चमकल्या पाहिजेत, एखादी वेगळी चमकली तर ती वाकलीये. बोट लावू नका, आणि सवय नसेल तर सुईने सरळ करायच्या फंदातही पडू नका, जाणकाराला दाखवा. परत बसवताना जुनी पेस्ट पुसून नवीन लावा. आणि कुलरच्या खालचं प्लास्टिकचं पातळ कव्हर काढलंय ना तेही तेव्हाच बघून घ्या.

दिवा सीपीयूचा निघाला तर सगळ्यात आधी बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली ८ पिनची वायर. ही राहून गेली तरी २४ पिनच्या वायरवर पंखे आणि दिवे मस्त चालतात आणि प्रोसेसरला मात्र काहीच मिळत नाही, त्यामुळे पंखे फिरतायत म्हणजे पॉवर ठीक हा हिशोब करू नका. वायर ४ अधिक ४ अशी दोन तुकड्यांत सुटणारी आणि टोकाला सीपीयू लिहिलेली हवी. ६ अधिक २ वाली ग्राफिक्स कार्डची, दिसायला सारखीच पण १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूला असतात, म्हणूनच खाचे वेगळे केलेत, जोर लावून घुसवू नका. आणि मॉड्युलर सप्लाय, म्हणजे वायरी सुट्या निघणारा, असेल तर वायरी त्याच्याच डब्यातल्या पाहिजेत, जुन्या सप्लायची वायर बसली म्हणून लावू नका, सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि त्यात एसएसडी, बोर्ड कायमचे जळतात. इथे खरंच जीव तोडून सांगतेय.

व्हीजीए असेल तर सोपं आहे, कार्ड खटका लागेपर्यंत बसलंय का, त्याची पॉवरची वायर पूर्ण आत गेलीये का, मॉनिटर योग्य इनपुटवर आहे का. डिस्प्लेपोर्टवर काही दिसत नसेल तर एचडीएमआयने बघा. बूटचा दिवा असेल तर आनंद करा, सहसा बिघाड काहीच नसतो, ड्राइव्हवर अजून विंडोज नाही एवढंच तो सांगत असतो.

हे सगळं होऊनही काळीच स्क्रीन असेल तर बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढा. त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, ज्या चंदेरी पिशवीतून आला तिच्यावर नको, ती बाहेरून करंट वाहू शकते. प्रोसेसर, कुलर, एक स्टिक, दोन पॉवरच्या वायरी, बस. कॅबिनेटचं बटण नसल्याने मॅन्युअलमध्ये पॉवर स्विचच्या दोन पिना शोधून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना टेकवायच्या, चालू होतो. बाहेर चालला आणि आत नाही तर बहुधा बोर्डखाली भोक नसलेल्या जागी बोर्ड उचलून धरणारा एखादा पितळी स्टँड राहिलाय आणि तो मागच्या सोल्डरला टेकतोय. तसं असेल तर सहसा पंखे अर्धा सेकंद फिरून पीसी बंद पडतो, कारण सप्लाय स्वतःला वाचवतो, तुमचं लक्षण तसं नाहीये म्हणून हे मी शेवटी ठेवलंय. ज्यांचं काहीच हलत नाही, पंखासुद्धा नाही, त्यांनी मात्र आधी सप्लायच्या मागचं बटण, २४ पिनचा खटका आणि पॉवर स्विचची बारीक वायर बरोबर पिनांवर आहे का एवढं बघावं.

बायोसचं म्हणाल तर तुमच्या ७६०० साठी बी६५० ला सहसा अपडेटची गरज पडत नाही, रायझन ९००० सिरीज असती तर जुन्या बायोसवर अडला असता. तरीपण रॅमसोबतचं वागणं नव्या बायोसमध्ये बरंच सुधारलंय, त्यामुळे बोर्डला मागे फ्लॅशबॅकचं बटण (पेन ड्राइव्हवरून बायोस बदलणारं) असेल तर ते शेवटचं हत्यार म्हणून वापरा, पेन ड्राइव्ह फॅट३२ ला फॉरमॅट करून, फाइलला मॅन्युअल सांगेल तेच नाव देऊन, ठरवून दिलेल्याच यूएसबी पोर्टला. दिवा लुकलुकत असेपर्यंत वीज जाता कामा नये. त्यानंतर परत ट्रेनिंग होणार, परत वेळ द्या.

चित्र आलं की बायोसमध्ये ३२ जीबी दिसतंय का बघा. १६ दिसलं तर एक स्टिक बसलेली नाही. स्पीड बहुधा ४८०० दिसेल, रॅमच्या डब्यावर ६००० लिहिलं असलं तरी, ते बरोबरच आहे, एक्स्पो (डब्यावरचा स्पीड लावणारं बायोसमधलं सेटिंग) चालू केल्याशिवाय वाढत नाही. पण एक्स्पोला लगेच हात लावू नका, आधी विंडोज टाकून एखाद-दोन दिवस वापरा, मग चालू करा, आणि तेव्हा पुन्हा काही मिनिटं काळी स्क्रीन येईल ती घाबरून तोडू नका. त्यानंतर पीसी परत चालूच झाला नाही तर सप्लाय बंद करून बोर्डवरची गोल बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा, सगळं मूळ सेटिंगला येतं.

आज फक्त ए२-बी२ आणि १५ मिनिटं एवढंच करा, आणि शेवटी कुठल्या नावाचा दिवा जळत राहिला ते सांगा, बोर्डचं पूर्ण मॉडेल आणि रॅमच्या स्टिकवरचा पार्ट नंबरही लिहा, म्हणजे बोर्डच्या सपोर्ट यादीत ती रॅम आहे का तेही बघून सांगते.