आमच्या बाल्कनीत दिसलेला उडी मारणारा कोळी नवीन प्रजातीचा आहे का, हे कसे ठरवतात?

आपण विचारले आहे की, ठाण्यातल्या आपल्या बाल्कनीत कुंडीच्या पानावर दिसलेला उडी मारणारा कोळी कोणत्याही पुस्तकातल्या छायाचित्राशी जुळत नाही, तेव्हा तो विज्ञानाला अपरिचित असू शकतो का, आणि तसे असल्यास पुढे काय करावे लागते. मी काही वर्षे कोळ्यांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्याचे आणि त्यांची वर्णने तयार करण्याचे काम करत आलो आहे, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

असू शकतो. उडी मारणाऱ्या कोळ्यांचे साल्टिसिडी हे कोळ्यांमधले सर्वांत मोठे कुळ असून त्यात सहा हजारांहून अधिक प्रजातींची नोंद झालेली आहे आणि उष्ण कटिबंधातून दरवर्षी नव्या प्रजातींची भर पडत असते. त्यासाठी घनदाट अरण्यच हवे असे नाही. 2021 साली ठाणे-कल्याण परिसरातूनच या कुळातल्या दोन नव्या प्रजातींचे वर्णन रशियातून निघणाऱ्या ‘आर्थ्रोपोडा सिलेक्टा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एका प्रजातीकडे मी खाली पुन्हा येणार आहे.

मात्र पुस्तकात न सापडणे आणि नवीन असणे यांत फार मोठे अंतर आहे. आपल्याकडची सचित्र पुस्तके नेहमी दिसणाऱ्या मोजक्याच प्रजाती दाखवतात. शिवाय या कुळात नर आणि मादी यांचे रंग पुष्कळदा इतके वेगळे असतात की पूर्वीच्या अभ्यासकांनीही एकाच प्रजातीच्या नर-मादींना दोन स्वतंत्र नावे दिल्याची उदाहरणे आहेत, आणि पिल्ले तर दोघांहूनही निराळी दिसतात. रंगावर विसंबता येत नाही याचे आणखी एक कारण असे की, नमुना अल्कोहोलमध्ये ठेवल्यावर रंग हळूहळू फिके पडतात आणि अंगावरचे चमकदार खवले हाताळताना झडतात. म्हणूनच जिवंतपणीची छायाचित्रे वर्णनासाठी मोलाची ठरतात, पण निर्णय त्यांच्यावर होत नाही.

निर्णय होतो तो जननेंद्रियांच्या रचनेवर. कोळ्याच्या तोंडाजवळ पायांसारखे दिसणारे दोन आखूड अवयव असतात, त्यांना पॅल्प म्हणतात. प्रौढ नरात त्यांची टोके फुगीर होतात आणि तिथे शुक्राणू साठवून मादीकडे पोहोचवणारा एक गुंतागुंतीचा कंद तयार होतो. त्या कंदातून निघणारी बारीक नळी सरळ आहे की वळलेली, कुठून निघते, आणि पॅल्पच्या नळीसारख्या खंडावर बाहेरच्या बाजूने येणारा काट्यासारखा उंचवटा कसा आहे, या गोष्टी प्रत्येक प्रजातीत ठरावीक असतात. मादीच्या पोटाखाली असलेली कठीण चकती विलग करून लवंगाच्या तेलात ठेवली, की ती पारदर्शक होते आणि आतल्या नलिका व शुक्राणूंच्या पिशव्या दिसू लागतात. लवंगाचे तेल, तेच, दातदुखीवर लावतात ते. त्या नलिकांचा मार्ग प्रथमच स्पष्ट दिसतो, तो क्षण मला अजूनही आनंद देतो, कारण तिथवरचे सगळे अंदाज त्या एका दृश्याने खरे किंवा खोटे ठरतात.

यानंतरचे काम संथ आहे. शरीराच्या पुढच्या आणि मागच्या भागाची लांबी-रुंदी, आठही डोळ्यांचे व्यास आणि त्यांच्यातली अंतरे, प्रत्येक पायाचा प्रत्येक खंड, हे सारे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून लिहावे लागते आणि पॅल्पच्या आकृत्या निरनिराळ्या बाजूंनी काढाव्या लागतात. खरी परीक्षा तुलनेची असते. त्या वंशातल्या, म्हणजे कुळातल्या जवळच्या प्रजातींच्या गटातल्या, सर्व ज्ञात प्रजातींची मूळ वर्णने वाचावी लागतात, ज्यांतली कित्येक शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची, लॅटिन किंवा फ्रेंचमधली आणि केवळ एकाच लिंगाच्या नमुन्यावर आधारलेली असतात. आणि गरज पडल्यास युरोपातल्या संग्रहालयात जपलेला मूळ नमुनाही पाहावा लागतो. माझ्या मते नव्या प्रजातीच्या वर्णनातला सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद तो, ज्यात ही प्रजाती तिच्या जवळच्या नातलगांहून नेमकी कशात वेगळी आहे ते सांगितलेले असते. तो कच्चा राहिला तर बाकीची मोजमापे कितीही काटेकोर असली तरी उपयोगाची नाहीत.

ज्या एका नमुन्याशी नव्या प्रजातीचे नाव कायमचे बांधले जाते त्याला होलोटाइप म्हणतात. भारतात जैवविविधता कायदा, 2002 नुसार नवीन प्रजाती शोधणाऱ्याने शासनाने नेमून दिलेल्या संस्थेला ती कळवून नमुना तिथे जमा करणे बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी ही जबाबदारी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेकडे आहे.

नाव देण्याचा अधिकार वर्णन करणाऱ्याचा असतो. वर उल्लेख केलेल्या दोन प्रजातींपैकी एकीचे नाव ‘इसियस तुकारामी’ आहे. यातला इसियस हा वंश फ्रेंच अभ्यासक एझेन सिमों यांनी 1876 मध्ये स्थापन केला होता, आणि तुकारामी हे नाव सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या सन्मानार्थ आहे, ज्यांनी 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात लाठीच असताना कसाबची बंदूक धरून ठेवली आणि ज्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. शेवटचा ‘ई’ हा पुरुषाच्या नावाला लागणारा लॅटिन षष्ठीचा प्रत्यय आहे, म्हणजे शब्दशः ‘तुकारामाचा’. जगात कुठेही कुणी या कोळ्याविषयी लिहिले, तर हे नाव त्याला लिहावेच लागेल, याचे मला फार समाधान वाटते.

आता आपल्या कोळ्याविषयी. तो पुन्हा दिसला तर मारू नका. वरून, समोरून आणि कडेने स्वच्छ छायाचित्रे घ्या, तारीख, ठिकाण आणि कोणत्या झाडावर होता ते लिहून ठेवा, आणि तोंडाजवळचे पॅल्प नीट पाहा. ते मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यांसारखे फुगलेले असतील तर तो प्रौढ नर आहे, आणि अशा वेळी जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्र विभागाला कळवणे योग्य ठरेल. ते बारीक असतील तर ती मादी किंवा पिल्लू असेल; त्याच कुंडीवर काही आठवडे लक्ष ठेवा.