पहिल्या नाताळाचा फराळ: दोनच पदार्थ कर

अगं, बेबिंक, म्हणजे गोव्याचा तो थराथरांचा गोड केक, यंदा राहू दे. डझनभर अंडी आणि एकेक थर भाजत अर्धा दिवस जातो. कुलकुल (शंखासारखे वळून तळलेले गोड तुकडे) आणि नेवऱ्या (खोबऱ्याच्या करंज्या), एवढंच कर.

कुलकुलांना अर्धा किलो मैदा पुरे. नारळाच्या दुधात घट्ट मळ. वळायला नवा कंगवा किंवा काटाचमचा घे आणि पोरांना बसव, नवऱ्यालाही. वाकडीतिकडी झाली तरी खपतात!

नवशिक्यांच्या चुका:
- तेल कडकडीत तापवणं. वरून लाल, आत कच्चं.
- नेवऱ्यांचं खोबरं ओलसर ठेवणं. कोरडं होईपर्यंत परतून घे, नाहीतर चार दिवसांत वास येतो.
- गरम असतानाच डब्यात भरणं. मऊ पडतात.

नेवऱ्यांच्या सारणात काजू महाग वाटले तर तीळ घाल. डबा मात्र पंचवीस तारखेपर्यंत लपव.