गरम काचेवर खूण कशाने करायची? मार्कर तर ज्योतीत उडून जातो

तुम्ही विचारलंय की बोरोसिलिकेटच्या (लॅबमधली उष्णता सोसणारी काच, आम्ही नुसतं बोरो म्हणतो) नळीला टोकापासून ४० मिमीवर बाजूची नळी जोडायचीय, पण बर्नरवर धरली की मार्करची खूण गायब. साहजिकच आहे, शाई जळूनच जाणार, बोरो मऊ व्हायलाच ८२० डिग्रीच्या आसपास लागतात.

मी सोलापुरात कॉलेजच्या लॅबमधली काच दुरुस्त करतो, कंडेन्सरची तुटलेली तोटी, ब्युरेटचं टोक, असलीच कामं. घरात युनिफॉर्म शिवायचा धंदा, त्यामुळे सुरुवातीला टेलरचा खडू घासून बघितला, गुळगुळीत काचेवर तो धड उमटतच नाही. मग डोकं चालवलं आणि काच कापायच्या कार्बाइडच्या पातीने बारीक रेघ मारली, म्हटलं ही कशी जळेल! रेघ नाही जळली, नळीच गेली. ज्योतीत धरून दोनदा फिरवली असेल नसेल तोवर टक् असा आवाज आणि पुढचा तुकडा बर्नरखाली. अहो आपण नळी कापतो ती तशीच ना, ओरखडा काढायचा आणि त्यावर काचेच्या तापवलेल्या काडीचं टोक टेकवायचं, मी तेच केलं होतं फक्त नको तिथे. तेव्हा ओरखडा अजिबात नको.

आता मी काय करतो तर गरम जागेवर खूणच करत नाही. काचेतून उष्णता फार लांब जात नाही म्हणून तर नळी आपण हातात धरून फिरवू शकतो, तर त्या हाताकडच्या थंड भागावर साध्या मार्करने रेघ मारायची, खऱ्या जागेपासून बरोबर १०० मिमीवर, आणि डिव्हायडर तेवढाच उघडून बाजूला ठेवायचा. कामाच्या वेळी एक टोक त्या रेघेवर आणि दुसरं जिथे येईल ती तुमची जागा. त्याच रेघेवर एक टिंबही द्या, म्हणजे बाजूची नळी कुठल्या अंगाला काढायची ते फिरवताना हुकत नाही. फक्त मधला भाग मऊ होऊन ताणला गेला तर माप चुकलंच म्हणून समजा, म्हणून आधी मोजायचं आणि मग जोरात तापवायचं.

गरम भागावरच खूण हवी असेल तर टंगस्टनची सुई ज्योतीत जरा तापवून काच मऊ असताना नुसती टेकवा, बारीक खळगा पडतो, दाबायची नाही आणि थंड सुई तर लावूच नका. नाहीतर बोरोच्याच बारीक काडीचा एक ठिपका लावा. तिथे भोक पाडायचंच असतं, ठिपका त्यातच जातो. रंगीत ठिपका दिसायला बरा, पण तो बोरोचाच रंग पाहिजे, मण्यांची मऊ काच जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते, थंड होताना तडकणार. सिरॅमिकची पेन्सिल ज्योतीत टिकते, पण बीकरवरचे पांढरे आकडे जसे भाजून पक्के केलेले असतात तशी तीही कायमची बसू शकते, गिऱ्हाइकाच्या कामावर मी वापरत नाही.

आणि हो, चष्मा कुठला लावता? कधीकधी खूण जागेवरच असते पण तापलेल्या काचेतल्या सोडियमच्या पिवळ्या झगमगाटात दिसत नाही. डिडिमियमचा चष्मा तो ५८९ नॅनोमीटरचा पिवळा नेमका अडवतो, वेल्डिंगच्या काळ्या काचेने सगळंच काळं होतं. माझ्या तर निम्म्या चुका चष्मा आल्यावर कमी झाल्या, उरलेल्या मे महिन्यात होतात, कारण ४३-४४ डिग्रीतही पंखा लावता येत नाही, ज्योत हलते आणि घाम थेट डोळ्यात.

सरावाला जुन्या ट्यूबलाइटची नळी तेवढी घेऊ नका, त्यात पारा असतो.